होस्टिंग सगळ्यात शेवटी घ्या: साधा वैयक्तिक ब्लॉग उभा करण्याचा क्रम

ओळखीपाळखीत कुणी ब्लॉग सुरू करायचं ठरवलं की मला फोन येतो, आणि तो येतो तोवर होस्टिंगचे, म्हणजे ब्लॉग इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे, पैसे भरून झालेले असतात. "चार वर्षांचं एकदमच घेतलं, मोठी सूट होती." लिहिणार मोबाइलवर की लॅपटॉपवर, फोटो किती असतील, पत्ता काय असेल, यातलं काहीच अजून ठरलेलं नसतं. मग दोन महिने थीम बदलण्यात जातात आणि लेख एकही येत नाही. नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या माणसाचंही हेच होतं आणि गंगापूर रोडवरच्या डॉक्टरांचंही.

म्हणून हा लेख क्रमावर आहे. मजकूर, गरजांचं एक पान, पत्ता (म्हणजे डोमेन), साधन (ब्लॉग ज्यावर चालतो ती सेवा किंवा सॉफ्टवेअर), होस्टिंग, जोडणी, मांडणी आणि बॅकअप, याच क्रमानं चला. तुमचा मजकूर आणि तुमचा पत्ता या दोन गोष्टी कायम तुमच्याच ताब्यात राहिल्या पाहिजेत. बाकी सगळं उद्या बदलता आलं पाहिजे. पुढचा प्रत्येक टप्पा या एका कसोटीवर घासून घेतला आहे.

## टप्पा १: आधी तीन लेख लिहून पूर्ण करा

एकही रुपया खर्च करण्याआधी तीन लेख पूर्ण लिहा. कच्चे मुद्दे चालणार नाहीत. शीर्षक, फोटो आणि शेवटची ओळ यांच्यासकट लिहा. ते कुठे लिहिता याला महत्त्व नाही, गुगल डॉक्समध्ये लिहा, नाहीतर मोबाइलच्या नोट्समध्ये.

कोणतं साधन लागणार, हे या तीन लेखांतूनच कळतं. अंजनेरी, हरिहर, रामशेज असे गड फिरणाऱ्याच्या एका लेखात वीस-पंचवीस फोटो येतात. दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंतच्या नोंदी बागेत उभ्या उभ्या मोबाइलवर करतो. जुन्या वाड्यांवर लिहिणाऱ्याचे लेख लांबलचक असतात आणि फोटो मोजके. या तिघांची गरज वेगळी आहे, साधनही वेगळं लागेल.

जुना मजकूर असेल तर तो याच टप्प्यावर युनिकोडमध्ये (कोणत्याही फॉन्टमध्ये मराठीच राहणारी अक्षरपद्धत) आणा. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई निवृत्तीनंतर गोदाकाठच्या वाड्यांवर लिहीत होत्या. ते सगळं लिखाण डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. ते ब्लॉगवर चिकटवलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसला. बाईंना वाटलं, फाइलच खराब झाली. फाइल चांगली होती. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की रूप जातं.

कन्व्हर्टर वापरून असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्याच्यावर विसंबून राहू नका. चुका ठरावीक जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप केलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलटी. त्यामुळे जोडाक्षराला पहिली वेलांटी असली (स्थिती, स्निग्ध) किंवा रफार असला (तीर्थ, दुर्ग) की गडबड होते. आणि अर्धा र: "वाऱ्यावर" चं "वार्यावर" झालं की मराठी डोळ्याला लगेच खटकतं, कन्व्हर्टरला मात्र खटकत नाही.

तपासा: रूपांतर केलेला एक परिच्छेद स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपनं पाठवा आणि मोठ्यानं वाचा. पहिली वेलांटी, रफार आणि ऱ्य-ऱ्ह यांवर नजर ठेवा. हे तिन्ही बरोबर असतील तर बाकीचं बहुधा बरोबरच असतं.

## टप्पा २: वहीत एक पान काढा

या पानावर पाच उत्तरं लिहा. लेख कुठून टाकणार, मोबाइलवरून की लॅपटॉपवरून? एका लेखात फोटो किती? महिन्याला देखभालीसाठी किती वेळ देणार? लिहिण्याचा वेळ यात धरू नका, हा नुसता देखभालीचा. वर्षाला किती रुपये खर्च करणार, पहिल्या वर्षी आणि दर वर्षी? आणि तुम्ही दोन महिने आजारी पडलात तर हे सगळं कोण बघेल?

तिसऱ्या प्रश्नाला लोक हमखास जास्तीचं उत्तर देतात. "आठवड्याला दोन तास" लिहिणाऱ्यांकडून वर्षभरात दोन तासही होत नाहीत. खरं उत्तर शून्य असेल तर शून्य लिहा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त साधन त्या हिशेबानं निवडायचं.

याच पानावर ब्लॉगसाठी वापरायचा ईमेल लिहा. तो तुमचा स्वतःचा हवा. कामाच्या ठिकाणचा नको, मुलाच्या कॉलेजचा नको. त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि रिकव्हरीसाठी आज चालू असलेला मोबाइल नंबर द्या. पुढचं सगळं या एका ईमेलवर उभं राहणार आहे.

## टप्पा ३: पत्ता घ्या, स्वतःच्या नावावर आणि होस्टिंगपासून वेगळा

मला सगळ्यात जास्त पोटतिडकीनं सांगायचं आहे ते इथे.

काही वर्षांपूर्वी माझा गडवाटांवरचा ब्लॉग होता. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही एका व्यावसायिकाकडून घेतलं. पैसे मी भरले, पण डोमेनची नोंदणी त्याच्या ईमेलवर झाली. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडे जात राहिल्या. पुढे त्यानं तो व्यवसाय बंद केला, आणि माझा पत्ता मुदत संपून गेला हे मला एका मित्रानं सांगितलं. लिंक उघडली तर तिथे भलत्याच जाहिराती. लेख माझ्याकडे होते, ते मी दुसरीकडे चढवले. पण सहा वर्षं लोकांनी ज्या लिंका एकमेकांना पाठवल्या होत्या, त्या सगळ्या मेल्या. आजही कुणी जुनी लिंक पाठवली की पोटात खड्डा पडतो.

तर डोमेन घेताना:

१. नाव फोनवर सांगून पाहा. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. "गोदाकाठ" मधल्या "का" ला एक ए की दोन? "ठ" साठी टी एच, की नुसता टी? तीन जणांना फोनवर नाव सांगा आणि टाइप करून पाठवायला सांगा. तिघांचं सारखं आलं तर नाव चांगलं.

२. डॉट कॉम किंवा डॉट इन पुरेसं आहे. पहिल्या वर्षी कवडीमोलानं मिळणारे नवे प्रत्यय दुसऱ्या वर्षी कित्येक पटींनी महाग होऊ शकतात. त्यामुळे नूतनीकरणाचा दर पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. डॉट भारत हा देवनागरी पत्ताही मिळतो आणि मला तो मनापासून आवडतो. पण काही ठिकाणी तो एक्स-एन या अक्षरांनी सुरू होणाऱ्या अगम्य रूपात दिसतो. म्हणून तो जोडीला घ्या, मुख्य पत्ता रोमन अक्षरांतला ठेवा.

३. नोंदणीत नाव तुमचं, ईमेल टप्पा २ मधला. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी ईमेल पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन स्थगित होऊ शकतं. ही मेल स्पॅममध्ये शोधा.

४. "होस्टिंगवर डोमेन मोफत" ही ऑफर टाळा. होस्टिंग सोडायची वेळ आली की पत्ताही त्याच कंपनीच्या खात्यात अडकलेला असतो. शिवाय डॉट कॉमसारखं नवं डोमेन पहिले ६० दिवस दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे हलवता येत नाही, म्हणजे चूक लगेच कळली तरी दोन महिने थांबावं लागतं.

५. ऑटो-रिन्यूअल चालू करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेटच्या नियमांमुळे भारतीय कार्डावरून परदेशी कंपन्यांचे आपोआप जाणारे पैसे बऱ्याचदा अडतात. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या ३० दिवस आधीची आठवण लावा, दर वर्षी पुन्हा येणारी.

इशारा: डॉट कॉमची मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्पशन काळ असतो, त्यात मोठा दंड भरून पत्ता परत मिळतो. तोही गेला की पत्ता कुणीही घेऊ शकतं.

तपासा: नोंदणी कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या पासवर्डनं आत जाता येतं का? तिथे डीएनएसचं, म्हणजे पत्ता कोणत्या जागेकडे न्यायचा ते ठरवणारं, पान दिसतं का? दुसऱ्या कंपनीकडे जाण्यासाठी लागणारा ऑथ कोड कुठे मिळतो, ते दिसतं का? तिन्हींना "हो" असेल तर पत्ता तुमचा. "आमच्या माणसाला विचारा" असं उत्तर मिळालं तर तो अजून तुमचा नाही.

## टप्पा ४: साधन निवडा

वहीतलं पान समोर ठेवा. साध्या वैयक्तिक ब्लॉगसाठी तीनच रस्ते पुरतात.

ब्लॉगर, स्वतःच्या डोमेनसह. देखभालीला शून्य वेळ असेल किंवा लिखाण मुख्यतः मोबाइलवरून होणार असेल तर हे घ्या. होस्टिंगचे पैसे नाहीत, अपडेट नाहीत, स्वतःचा पत्ता जोडायला वेगळे पैसे नाहीत. खर्च फक्त डोमेनचा. ते जुनाट दिसतं म्हणून लोक नाकारतात. मी मात्र दहापैकी सहा-सात जणांना हेच सुचवतो, कारण ते निमूट चालत राहतं. उणी बाजूही खरी आहे. ते गुगलचं आहे, उद्या बंद करायचं की नाही हे गुगल ठरवणार. म्हणूनच पत्ता स्वतःचा हवा. स्वतःचा पत्ता असेल तर ब्लॉगर सोडल्यावरही वाचक तुमच्यापर्यंत येतील.

वर्डप्रेस, स्वतःच्या होस्टिंगवर. लेखांची विभागणी, शोध, मालिका, फोटोंची मांडणी हे सगळं मनासारखं हवं असेल आणि महिन्याला एखादा तास देखभालीला द्यायची तयारी असेल तर हे घ्या. तो तास खरंच द्यावा लागतो. अपडेट न केलेलं वर्डप्रेस म्हणजे कडी न लावलेलं दार.

इथे नावाचा घोळ होतो. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते सॉफ्टवेअर, ते आपण आपल्या होस्टिंगवर बसवतो. वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी तयार सेवा. तिच्या मोफत योजनेत तुमच्या लेखांवर जाहिराती दिसतात आणि स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरावे लागतात. यूट्यूबवर एकाचा व्हिडिओ बघून दुसऱ्यात खातं उघडणारे खूप आहेत, आणि मग "व्हिडिओतलं बटण माझ्याकडे नाहीच" म्हणून अडून बसतात.

स्टॅटिक साइट. ह्यूगो, जेकिल यांसारखं साधन तुमच्या साध्या मजकूर फाइलींची तयार पानं बनवतं. ती पानं गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवता येतात. गिटहब पेजेसची मर्यादा साधारण १ जीबी साइट आणि महिन्याला १०० जीबी वाहतूक इतकी आहे, साध्या ब्लॉगला ती सहसा पुरून उरते. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे कुणी घुसायची भीतीही फार कमी. सगळे लेख तुमच्याच लॅपटॉपवर, म्हणजे आपल्या कसोटीला हा रस्ता सगळ्यात चांगला उतरतो. पण गिट, टर्मिनल हे शब्द पहिल्यांदाच ऐकत असाल तर यात पडू नका. मोबाइलवरून लेख टाकणंही यात जिकिरीचं आहे.

### निवड पक्की करण्याआधी बाहेर पडून पाहा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. निवडलेल्या साधनावर एक चाचणी लेख टाका, दोन फोटोंसह. लगेच तो एक्सपोर्ट करा, म्हणजे फाइल म्हणून उतरवून घ्या, आणि आलेली फाइल नोटपॅडसारख्या साध्या ॲपमध्ये उघडा. मराठी वाचता येतं का? फोटो आले का?

ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोघांच्याही एक्सपोर्ट फाइलमध्ये मजकूर असतो, फोटोंच्या मात्र फक्त लिंका असतात. मूळ जागा बंद झाली की लिंका निकामी. त्यामुळे मूळ फोटो पहिल्या दिवसापासून लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, दर लेखाला एक फोल्डर.

## टप्पा ५: होस्टिंग (फक्त वर्डप्रेसवाल्यांनी)

ब्लॉगर किंवा स्टॅटिक साइट निवडली असेल तर हा टप्पा सोडून थेट सहाव्यावर जा. तुम्हाला होस्टिंग विकत घ्यायचंच नाही.

वर्डप्रेसवाल्यांनी जाहिरातीतला महिन्याचा आकडा बाजूला ठेवून पूर्ण हिशेब मांडा. समजा, जाहिरातीत १४९ रुपये महिना लिहिलंय. खाली बारीक अक्षरात असतं की हा दर ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच. म्हणजे ७,१५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८,४३९. नूतनीकरणाचा दर समजा ४४९ असेल तर पुढच्या एका वर्षाचेच जीएसटीसकट ६,३५८ रुपये. वहीतल्या चौथ्या उत्तराशी हा दुसरा आकडा ताडून पाहा, पहिला नव्हे. आणि पहिल्यांदा एका वर्षाचंच घ्या, दर थोडा चढा पडला तरी. वर्षभर लिहीत राहता की नाही हे अजून कळायचंय.

घेण्याआधी विचारायचे प्रश्न, विक्रीच्या चॅटवर लेखी:

१. बॅकअप रोज घेता का, किती दिवसांचे ठेवता, आणि परत द्यायचे पैसे लागतात का?

२. एचटीटीपीएसचं (साइटशी जोडणी सुरक्षित करणारं) प्रमाणपत्र मोफत आहे का आणि आपोआप नवं होतं का? लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र सगळीकडे चालतं, त्यासाठी वेगळे पैसे मागणारी कंपनी सोडून द्या.

३. "अमर्याद जागा" म्हणता, तर फाइलींच्या संख्येची मर्यादा किती? ही अट नियमांच्या पानावर लपलेली असते. वर्डप्रेस प्रत्येक फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या बऱ्याच प्रती बनवतं. पंचवीस फोटोंचा एक गडलेख म्हणजे शे-दीडशे फाइली.

४. सर्व्हर कुठे आहे? वाचक महाराष्ट्रातले असतील तर मुंबईतला सर्व्हर बरा.

उत्तरं यायला किती वेळ लागतो तेही बघा. विकताना जे दोन दिवस लावतात, ते साइट बंद पडल्यावर काय करतील याचा अंदाज येतो.

इशारा: "स्वस्तात व्हीपीएस मिळतोय" म्हणून तो घेऊ नका. व्हीपीएस म्हणजे स्वतःच सांभाळायचा वेगळा आभासी सर्व्हर, त्यात सर्व्हरची सगळी सुरक्षा तुमच्या अंगावर येते. साध्या ब्लॉगला शेअर्ड होस्टिंग (अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर) पुरतं.

## टप्पा ६: पत्ता आणि जागा जोडा

क्रम असा: आधी ब्लॉगच्या साधनात तुमचं डोमेन नोंदवा, मग नोंदणी कंपनीच्या डीएनएस पानावर बदल करा. उलटं केलं तर पत्ता एका अशा जागेकडे बोट दाखवत राहतो जी अजून तुमच्या नावावर नाही. काही सेवांवर त्या मधल्या वेळात दुसरं कुणी तो पत्ता स्वतःच्या खात्याला जोडू शकतं.

डीएनएसच्या पानाचा बदल करण्याआधीच स्क्रीनशॉट घ्या. मग साधनानं सांगितलेले रेकॉर्ड, म्हणजे पत्ता कुठे न्यायचा याच्या नोंदी, भरा. इथल्या नेहमीच्या चुका:

सीनेम रेकॉर्डच्या (एक पत्ता दुसऱ्या नावाशी जोडणारी नोंद) नावाच्या चौकटीत पूर्ण पत्ता लिहिणं. बहुतेक ठिकाणी तिथे फक्त तीन डब्ल्यू लिहायचे असतात, पुढचं डोमेन ते पान स्वतः जोडतं. पूर्ण लिहिलं तर पत्ता दोनदा लागतो आणि काहीच उघडत नाही.

नोंदणी कंपनीचे "लवकरच येत आहे" पानाचे जुने ए रेकॉर्ड (पत्ता सर्व्हरच्या क्रमांकाशी जोडणाऱ्या नोंदी) तसेच ठेवणं. मग साइट कधी उघडते, कधी ते पान दिसतं.

एमएक्स रेकॉर्ड पुसणं. ते ईमेलचे असतात. त्या डोमेनवर ईमेल असेल तर ते बंद पडेल.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे अधीरपणा. दहा मिनिटांत साइट दिसली नाही म्हणून लोक रेकॉर्ड पुन्हा बदलतात, मग पुन्हा. प्रत्येक बदलाबरोबर वाट बघणं नव्यानं सुरू होतं. एकदा भरलं, ताडून पाहिलं, की रात्रभर हात लावू नका. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र पत्ता नीट जोडल्यावरच मिळतं, तोवर ब्राउझर "सुरक्षित नाही" म्हणेल. म्हणू द्या.

तपासा: दुसऱ्या दिवशी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पत्ता चार प्रकारे उघडा: तीन डब्ल्यूसह आणि त्यांच्याविना, एचटीटीपीनं आणि एचटीटीपीएसनं. चारही वेळा एकाच ठिकाणी, "सुरक्षित नाही" असा इशारा न येता पोचलं पाहिजे. ब्लॉगरवर यासाठी सेटिंग्जमध्ये दोन बटणं चालू करावी लागतात: तीन डब्ल्यू नसलेला पत्ता वळवण्याचं आणि एचटीटीपीएसकडे वळवण्याचं. लोक पहिलं विसरतात.

## टप्पा ७: पहिला लेख टाकण्याआधीची मांडणी

या गोष्टी नंतर बदलल्या तर जुन्या लिंका तुटतात किंवा लेख एकेक करून दुरुस्त करावे लागतात. म्हणून आत्ताच.

लेखाचा पत्ता. मराठी शीर्षक जसंच्या तसं लिंकमध्ये गेलं की काय होतं ते जवळून बघू. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये टक्क्याच्या खुणा आणि आकडे-अक्षरं अशा नऊ जागा घेतं. काना आणि वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हं. "नाशिक" म्हणजे न, काना, श, पहिली वेलांटी, क, अशी पाच चिन्हं. म्हणजे एका शब्दाच्या पंचेचाळीस जागा. वर्डप्रेस लेखाचा पत्ता २०० जागांवर थांबवतं, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हांवर. बाईंच्या "गोदाकाठच्या जुन्या वाड्यांमधलं लाकडी कोरीव काम" या शीर्षकाचा पत्ता तिसऱ्या शब्दातच तुटला होता. ब्लॉगर तर मराठी शीर्षकातलं काहीच घेत नाही, "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे एखादा आकडा असा पत्ता देतो. शंभर लेखांनंतर कोणती लिंक कशाची, हे तुम्हालाही कळत नाही.

म्हणून प्रत्येक लेखाचा पत्ता स्वतः लिहा: रोमन अक्षरांत, दोन ते चार शब्द, मध्ये आडवी रेघ, तारीख नको. ब्लॉगरवर ही चौकट प्रकाशित करण्याआधीच भरायची. वर्डप्रेसमध्ये पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये "पोस्टचं नाव" हा पर्याय आधी निवडून ठेवा.

भाषा आणि अक्षर. साइटची भाषा मराठी निवडा. तारखा मराठीत येतातच, शिवाय काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी दिलेली असतात. पानाची भाषा मराठी सांगितली तरच ती दिसतात. फॉन्ट एकच निवडा: मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा मराठीसाठी केलेला तिरो देवनागरी मराठी. तिन्ही मोफत आहेत. ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकींना लागतात. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेलं असतं. ते शून्य करा, त्यानं शिरोरेषा तुटते.

वेळ. टाइम झोन कोलकाता निवडा. वर्डप्रेसवर तो यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) राहिला तर सकाळी सहाला लावलेला लेख साडेअकराला येतो. ह्यूगोत आणखी वेगळं होतं: सकाळी दहाची वेळ लिहिली की तो ती यूटीसी समजतो, लेख "भविष्यातला" ठरतो आणि साइटवर दिसतच नाही. पुढे +०५:३० लिहायला विसरू नका. ह्यूगोत ही वेळ इंग्रजी आकड्यांतच लिहायची.

फोटो. मोबाइलचा फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १,६०० पिक्सेलवर आणा, वजन ३०० केबीच्या आत. आणि त्यातली ठिकाणाची माहिती पुसा. गच्चीवरच्या कुंडीचा फोटो घराचे अक्षांश-रेखांश सोबत घेऊन जाऊ शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की नव्या फोटोंचा प्रश्न मिटतो, जुन्यांचं मात्र पुसावंच लागतं.

वर्डप्रेससाठी आणखी. युजरनेम "ॲडमिन" ठेवू नका. प्लगिन (वर्डप्रेसला जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम) चार-पाचांच्या वर नकोत. टेलिग्रामवर फुकट मिळणारी "प्रीमियम" थीम कधीही बसवू नका, तिच्यात काय घुसवलंय हे कळायला मार्ग नसतो. आणि सर्च इंजिनांना साइट दाखवू नका अशी एक खूण सेटिंगमध्ये असते. साइट तयार होईपर्यंत म्हणून ती करतात आणि काढायला विसरतात. मग वर्षभर "गुगलवर का दिसत नाही?" हा प्रश्न.

आता टप्पा १ मधले तीन लेख टाका. एकदम तिन्ही नको, आठवड्याला एक. पहिला लेख गेला की तो स्वस्तातल्या, जुन्या मोबाइलवर उघडून बघा. चार-पाच सेकंदांत वाचता येत नसेल तर फोटो अजून जड आहेत.

## टप्पा ८: बॅकअप, आणि तुमच्यानंतर

दर महिन्याच्या एक तारखेला एक्सपोर्ट घ्या. वर्डप्रेस असेल तर एक्सपोर्ट फाइल पुरत नाही. डेटाबेस आणि अपलोडचं फोल्डर दोन्ही उतरवा. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर. होस्टिंग कंपनीचा बॅकअप हा तुमचा बॅकअप धरू नका, खातं बंद झालं तर तो त्याच्याबरोबर जातो. सहा महिन्यांतून एकदा त्यातला एखादा लेख दुसऱ्या रिकाम्या चाचणी ब्लॉगवर चढवून बघा. चढला नाही तर तो बॅकअप नव्हताच.

उरतो वहीतला पाचवा प्रश्न. गुगल खातं २ वर्षं अजिबात वापरलं नाही तर ते काढून टाकण्याचं गुगलचं धोरण आहे. त्यांच्याच "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" या सोयीत तुम्ही विश्वासाच्या माणसाचा ईमेल देऊन ठेवू शकता. ठरवलेल्या महिन्यांत खातं वापरलं गेलं नाही तर त्या माणसाला कळवलं जातं आणि तुम्ही परवानगी दिलेली माहिती त्याला उतरवून घेता येते. त्याशिवाय वहीच्या पानावर इतकं लिहा: डोमेन कोणत्या कंपनीकडे, कोणत्या ईमेलवर, मुदत कोणत्या तारखेला, बॅकअपचा पेन ड्राइव्ह कुठे. पासवर्ड त्या पानावर नको. ते वेगळ्या बंद पाकिटात.

बाईंनी हे पान स्वतःच्या हातानं लिहिलं, त्यांच्या फळ्यावरच्या त्याच ठसठशीत अक्षरात. त्यांच्या लेकीनं ते लाइट बिलांच्या फायलीत लावलंय, कारण ती फाइल घरात सगळ्यांना सापडते.